लहान प्रादेशिक बँकेचा शेअर: दीर्घकाळचा परतावा कसा मोजायचा आणि कधी बाहेर पडायचे

तमिळनाडूत अमरावती नदीच्या काठी करूर नावाचे गाव आहे. चादरी-पडद्यांचे कापड आणि बसच्या बॉडी बांधणे हे तिथले मोठे धंदे. या एकाच गावात दोन बँका जन्मल्या, १९१६ साली करूर वैश्य बँक आणि १९२६ साली लक्ष्मी विलास बँक. दोघींची सुरुवात एकाच मातीतली: व्यापाऱ्याची कॅश क्रेडिट, सोनेतारण, शेतकऱ्याचे कर्ज. २७ नोव्हेंबर २०२० रोजी लक्ष्मी विलास बँक डीबीएस बँक इंडियात विलीन झाली, तिचे भागभांडवल पूर्ण निर्लेखित झाले आणि भागधारकाला शेअरमागे एक पैसाही मिळाला नाही. करूर वैश्य बँकेने मात्र ऑगस्ट २०२५ मध्ये पाचाला एक बोनस दिला, म्हणजे दर पाच शेअरमागे एक फुकट.

लहान बँकेत दहा-पंधरा वर्षांसाठी पैसे ठेवायचे असतील तर या दोन्ही बँकांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. एकीचाच आलेख बघून काढलेला परतावा फसवा असतो. खालची सगळी मांडणी त्यासाठी आहे.

आधी एक घोळ दूर करू. नागरी सहकारी बँकेचे सभासद म्हणून तुमच्याकडे जे 'भाग' असतात, ते शेअर बाजारातले शेअर नव्हेत. ते दर्शनी किमतीलाच मिळतात आणि दर्शनी किमतीलाच परत होतात, बँकेच्या राखीव निधीत कितीही भर पडली तरी. महाराष्ट्राच्या सहकार कायद्यात त्यांच्या लाभांशाला १५ टक्क्यांची मर्यादाही आहे. इथले हिशेब शेअर बाजारात नोंद झालेल्या खासगी प्रादेशिक बँकांचे आहेत: कुंभकोणमची सिटी युनियन, मंगळूरची कर्नाटक बँक, त्रिशूरच्या साउथ इंडियन आणि धनलक्ष्मी, थुथुकुडीची तमिळनाड मर्कंटाइल, कोल्हापुरात रत्नाकर म्हणून सुरू झालेली आरबीएल.

पहिले काम: शेअरची खरी संख्या काढा

बँकेला वाढायला भांडवल लागते, म्हणून राइट्स (जुन्या भागधारकांना ठरलेल्या भावाने नवे शेअर) निघतात, शिवाय बोनस आणि स्प्लिटही (एका शेअरचे कमी दर्शनी किमतीचे तुकडे) होतात. जुना भाव आणि आजचा भाव यांची थेट तुलना केली की उत्तर चुकतेच. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर 'कॉर्पोरेट अॅक्शन्स' असा भाग असतो. तिथून तुमच्या खरेदीच्या तारखेनंतरची प्रत्येक नोंद तारखेसह उतरवून घ्या.

करूर वैश्यचे उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०१६ मध्ये स्प्लिटच्या आधी १० रुपये दर्शनी किमतीचे १०० शेअर तुमच्याकडे होते असे समजा.

- स्प्लिट, १० रुपयांचा शेअर २ रुपयांचा: १०० चे ५०० झाले.
- २०१७ चे राइट्स, सहाला एक, भाव ७६ रुपये: ८३ शेअर मिळाले, त्यासाठी ६,३०८ रुपये भरले. एकूण ५८३.
- २०१८ चा बोनस, दहाला एक: ५८ मिळाले. एकूण ६४१.
- २०२५ चा बोनस, पाचाला एक: १२८ मिळाले. एकूण ७६९.

राइट्स घेतले नसते तर हीच साखळी ५००, ५५०, ६६० अशी गेली असती. अपूर्णांकाचे पैसे वेगळे जमा होतात, ते सोडून दिले तरी चालते.

दुसरे काम: एक्सआयआरआर

एक्सआयआरआर म्हणजे वेगवेगळ्या तारखांना गेलेल्या-आलेल्या पैशांवरून काढलेला परताव्याचा वार्षिक दर. गुगल शीट्समध्ये किंवा एक्सेलमध्ये दोन स्तंभ करा. पहिल्यात तारीख, दुसऱ्यात रक्कम. खिशातून गेलेले पैसे उणे चिन्हाने लिहा, आलेले अधिक चिन्हाने. प्रत्येक लाभांश त्याच्या जमा तारखेला स्वतंत्र ओळीत घाला. राइट्सचे भरलेले पैसे उणे. बोनस आणि स्प्लिट यांची ओळ लागत नाही, कारण पैसा हललेला नसतो. फक्त शेवटच्या ओळीत आजची शेअरसंख्या गुणिले आजचा भाव येतो. मग एक्सआयआरआरच्या सूत्रात आधी रकमांचा स्तंभ आणि मग तारखांचा.

वरच्या उदाहरणात खरेदीचा भाव ४५० रुपये धरू, म्हणजे ४५,००० रुपये. पुढे राइट्सचे ६,३०८. ऑगस्ट २०२५ मध्ये बोनसच्या आधीचे ६४१ शेअर, भाव २६० रुपये धरला तर १,६६,६६०. लाभांश न धरता उत्तर साडेचौदा टक्क्यांच्या आसपास येते. राइट्स सोडून देणाऱ्याचे उत्तर चौदाच्या आसपास.

आता त्याच तक्त्यातली शेवटची तारीख मार्च २०२० करा. तेव्हा हा शेअर २० रुपयांच्या आसपास होता. ६४१ शेअरचे १२,८२० रुपये, गुंतवलेले ५१,३०८. तीन-साडेतीन वर्षांत तीन चतुर्थांश रक्कम कागदावरून गेलेली. ऑगस्ट २०२५ ला जे साडेचौदा टक्के दिसतात ते या दरीतून चालत आलेले आहेत, आणि त्या दरीत थांबावे की निघावे हा निर्णय घ्यायला लागला होता. म्हणून एक्सआयआरआर एकाच तारखेला काढून भागत नाही. दर ३१ मार्चला एकदा काढून ओळीने लिहून ठेवा.

याच्या पुढची पायरी बहुतेक जण गाळतात. करूरच्या दोन्ही बँकांत सारखेच, म्हणजे ५१,३०८ प्रत्येकी, घातले असते तर? एक १,६६,६६० झाली, दुसरी शून्य. एकूण १,०२,६१६ चे १,६६,६६०. वार्षिक दर जेमतेम पावणेसहा टक्के. त्या काळात साधी मुदत ठेव याहून जास्त देत होती. प्रादेशिक बँकांचा 'सरासरी परतावा' कोणी सांगितला तर त्यात बुडालेल्या बँका धरल्या आहेत का हे आधी विचारा. आजच्या यादीत फक्त जिवंत बँका असतात.

तुलना करताना निर्देशांकही तसाच घ्या. तुमच्या हिशेबात लाभांश धरला असेल तर निफ्टीचाही लाभांशासहितचा, म्हणजे टोटल रिटर्न निर्देशांक घ्यायचा. एकीकडे लाभांशासह आणि दुसरीकडे नुसता भाव, अशी तुलना बँकेला उगाच दीड टक्का वर दाखवते.

परतावा नेमका येतो कुठून

बँकेच्या शेअरचा दीर्घकाळचा परतावा तीन ठिकाणांहून येतो: प्रतिशेअर पुस्तकी मूल्याची (भांडवल अधिक राखीव निधी, भागिले शेअरसंख्या) वाढ, लाभांश, आणि बाजार पुस्तकी मूल्याच्या किती पट भाव देतो त्यातला बदल.

बँक भांडवलावर १४ टक्के कमावते आणि नफ्यातला पाचवा हिस्सा वाटते असे धरा. पुस्तकी मूल्य दरवर्षी ११.२ टक्क्यांनी वाढते. शेअर पुस्तकी मूल्याला घेतला असेल तर लाभांश २.८ टक्के पडतो, एकूण १४. दुप्पट भावाला घेतला असेल तर लाभांश १.४ टक्क्यांवर येतो, एकूण १२.६. आणि दहा वर्षांत तो दुप्पट भाव एकपट झाला तर दरसाल पावणेसात टक्के परत जातात, हातात सहाच्या आतबाहेर उरतात. बँक उत्तम चालली तरीही. लहान बँकेला दोनपटीपेक्षा जास्त मोजताना हा गुणाकार समोर ठेवा.

यातला 'प्रतिशेअर' हा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. बँकेचे एकूण भांडवल वाढते आणि तुमचा वाटा मात्र आटतो, असे नेहमी घडते. १०० शेअर आहेत, प्रत्येकाचे पुस्तकी मूल्य १०० रुपये, म्हणजे भांडवल १०,०००. बँक अडचणीत आली आणि तिने संस्थात्मक गुंतवणूकदारांना ५० नवे शेअर ६० रुपयांनी विकले. भांडवल १३,००० झाले, तीस टक्के वाढले, पण प्रतिशेअर मूल्य ८६ रुपये ६७ पैसे झाले. तुमचे तेरा टक्के गेले आणि ते नफा-तोटा पत्रकात कुठेही दिसत नाहीत. म्हणून दहा वर्षांचे वार्षिक अहवाल घेऊन एकच स्तंभ लिहा: भांडवल अधिक राखीव निधी, वजा पुनर्मूल्यांकन राखीव (जागा-इमारतींची किंमत वाढवून धरल्याने आलेला), भागिले शेअरसंख्या, आणि शेअरसंख्या बोनस-स्प्लिटप्रमाणे जुळवून घेतलेली. हा स्तंभ वाईट वर्षांतही घसरला नसेल तर बँक धरून ठेवण्याजोगी आहे. दोन वर्षे सलग घसरला असेल तर भाव कितीही स्वस्त दिसो, आधी कारण शोधा.

लाभांशावर मात्र फार भिस्त ठेवू नका. नफ्याचा पाव भाग वैधानिक राखीव निधीत जातोच, आणि वाटपावर रिझर्व्ह बँकेचे बंधन असते. २०१९-२० च्या नफ्यातून लाभांश देऊच नका असे रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०२० मध्ये सगळ्या बँकांना सांगितले होते. निवृत्तीनंतरचा महिन्याचा खर्च यावर बसवता येणार नाही.

अहवालात कुठे बघायचे

कासा (चालू आणि बचत खात्यांतल्या ठेवींचा वाटा), निव्वळ व्याज मार्जिन (मिळालेले व्याज वजा दिलेले व्याज), शाखा किती वाढल्या हे सगळे सादरीकरणाच्या पहिल्या पानांवर मोठ्या अक्षरांत असते. ते वाचा आणि पुढे जा. खरे काम हिशेबाच्या टिपांमध्ये आहे.

पहिला आकडा निव्वळ एनपीए भागिले भांडवल. एनपीए म्हणजे बुडीत कर्जे; त्यांच्यासाठी नफ्यातून बाजूला काढलेली तरतूद वजा केली की निव्वळ, न केली तर ढोबळ. टक्केवारीत दिलेला निव्वळ एनपीए कर्जांच्या प्रमाणात असतो, म्हणून तो लहान वाटतो. ५०,००० कोटींच्या कर्जावर ५ टक्के म्हणजे २,५०० कोटी. भांडवल ५,००० कोटी असेल तर तरतूद न केलेली बुडीत कर्जे भांडवलाच्या निम्मी झाली. २० टक्क्यांच्या आत असेल तर स्वस्थ राहा. ५० टक्क्यांच्या वर गेले तर नवे पैसे घालू नका.

दुसरे, भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीनुसार मोजलेल्या कर्जांच्या तुलनेत भांडवल किती. किमान ९ टक्के आणि अडीच टक्क्यांची संवर्धन राखीव, मिळून ११.५. लहान बँकेकडे मी १४ च्या खालचा आकडा चालवून घेणार नाही, कारण अडचणीच्या काळात तिला बाजारातून पैसे मिळत नाहीत, मोठीला मिळतात. करूरमधला फरक इथेच पडला. मार्च २०१९ मध्ये करूर वैश्यचा ढोबळ एनपीए पावणेनऊ टक्के आणि निव्वळ पाच टक्क्यांना टेकलेला होता. काही चांगले आकडे नव्हेत. पण भांडवल पर्याप्तता १६ टक्क्यांच्या आसपास होती आणि वर्ष २११ कोटींच्या नफ्यात संपले. त्याच तारखेला लक्ष्मी विलासचा निव्वळ एनपीए साडेसात टक्के, पर्याप्तता ७.७२ टक्के, आणि वर्षाचा तोटा ८९४ कोटी. वाईट काळ दोघींवर आला. एकीकडे तो पचवायला उशी होती. मार्च २०२५ ला करूर वैश्यचा ढोबळ एनपीए ०.७६ टक्के उरला होता.

तिसरे, एकवटलेपणाचा तक्ता. सर्वांत मोठ्या वीस कर्जदारांकडे किती टक्के कर्ज आहे आणि सर्वांत मोठ्या वीस ठेवीदारांकडून किती ठेवी आल्या आहेत, हे प्रत्येक बँकेला छापावे लागते. पाच वर्षांचे आकडे ओळीने लिहा. आपल्या जिल्ह्यांतल्या लहान कर्जांवर वाढलेली बँक एकाएकी दिल्ली-मुंबईच्या मोठ्या कंपन्यांना कर्ज देऊ लागली की हा आकडा वर सरकतो. प्रादेशिक बँकेची ताकद ही, की आपल्या गावचा गिऱ्हाईक तिला तीन पिढ्या माहीत असतो. शेकडो कोटींच्या संयुक्त कर्जात ती सगळ्यात शेवटची आणि सगळ्यात कमी माहितीची सावकार असते.

चौथे, स्लिपेज. वर्षाच्या सुरुवातीच्या चांगल्या कर्जांपैकी किती नव्याने बुडीत झाली? एनपीए कमी दिसण्याचे दोन मार्ग आहेत, वसुली आणि निर्लेखन, म्हणजे कर्ज हिशेबातून काढून टाकणे. एनपीएच्या हालचालीच्या तक्त्यात 'निर्लेखित' ही ओळ वसुलीच्या ओळीपेक्षा मोठी असेल तर एनपीएची घट नफ्यातून विकत घेतलेली आहे. तरतुदीचे प्रमाणही तांत्रिक निर्लेखनासह (हिशेबातून काढलेली, पण वसुली चालू असलेली कर्जे धरून) आणि त्याशिवाय अशा दोन आकड्यांत मागा. सादरीकरणात सहसा मोठा आकडाच असतो.

पाचवे, 'डायव्हर्जन्स'ची टीप. बँकेने दाखवलेला एनपीए आणि रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत निघालेला एनपीए यांत ठरावीक मर्यादेपेक्षा मोठा फरक पडला तर तो छापावा लागतो. ही टीप एकदा आली तर व्यवस्थापनाचा खुलासा वाचावा. लागोपाठ दोनदा आली तर विकावे.

निघायची वेळ

लहान बँक धरून ठेवण्यात परतावा आहे, पण न निघण्यात सगळे भांडवल जाऊ शकते. म्हणून निघायच्या अटी खरेदीच्या दिवशीच लिहून ठेवा, भाव पडल्यावर नव्हे.

लक्ष्मी विलासच्या भागधारकाला खुणा कमी मिळाल्या नव्हत्या. २०१७ च्या शेवटी बँकेने १२२ रुपयांनी राइट्स काढले. पुढची तीन वर्षे सलग तोटा झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला तत्पर सुधारात्मक कारवाईखाली, म्हणजे पीसीएखाली (कमकुवत बँकेवरचे निर्बंध), आणले. पुढच्याच महिन्यात एका गृहवित्त कंपनीशी विलीन होण्याचा प्रस्ताव फेटाळला गेला. २५ सप्टेंबर २०२० च्या वार्षिक सभेत भागधारकांनी व्यवस्थापकीय संचालकांसह सात संचालक मतदानाने नाकारले. १७ नोव्हेंबरला बँकेवर मोरेटोरियम (पैसे काढण्यावर सरकारी स्थगिती) आले आणि दहा दिवसांत सगळे संपले. पीसीए ते शून्य यांत चौदा महिने होते आणि त्या काळात शेअर रोज विकता येत होता. मोरेटोरियमनंतर मात्र लोअर सर्किटच (एका दिवसातल्या घसरणीची मर्यादा) लागत गेले. विकणारे सगळे, घेणारा कोणी नाही.

म्हणून या खुणांपैकी कोणत्याही दोन एकत्र दिसल्या की निघा: पीसीए. पर्याप्तता ११.५ च्या खाली. सलग दोन वर्षे तोटा. मुदत संपण्याआधी व्यवस्थापकीय संचालक किंवा लेखापरीक्षक गेले. पुस्तकी मूल्याच्या खाली दुसऱ्यांदा शेअर विकले. 'मोठी बँक घेईल तेव्हा चांगला भाव मिळेल' या आशेवर थांबू नका. बँकिंग नियमन कायद्याच्या कलम ४५ खाली सक्तीचे विलीनीकरण होते तेव्हा ठेवीदाराला वाचवणे हा हेतू असतो. ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, शेअरला कसलेच संरक्षण नाही. साताऱ्याच्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये मोरेटोरियम आले तेव्हा आयडीबीआयने शेअरमागे २८ रुपये दिले. २००४ मध्ये ग्लोबल ट्रस्ट बँकेच्या भागधारकांना काहीच मिळाले नाही. कोण सुटेल हे आधी सांगता येत नाही.

आणि मुळात किती घ्यावे? एका लहान बँकेत एकूण शेअर गुंतवणुकीच्या ३ टक्क्यांपेक्षा जास्त नको, सगळ्या मिळून १० टक्के. शून्य झाले तरी झोप उडणार नाही इतकेच. गावची बँक, ओळखीचा मॅनेजर, वडिलांचे खाते, ही ठेव ठेवायची कारणे झाली. लहान बँकांच्या शेअरमध्ये रोजची उलाढालही कमी असते, म्हणून खरेदी-विक्री नेहमी लिमिट ऑर्डरने (आपण ठरवलेल्या भावाची मर्यादा घालून), तुकड्यांत करा.

राइट्स आले तर दोनच पर्याय धरा: पैसे भरा किंवा हक्क विका. २०२० पासून राइट्सचे हक्क डीमॅट खात्यात जमा होतात आणि बाजारात विकता येतात. मुदत गेली की ते रद्द होतात आणि त्यांची किंमत वाया जाते.

करात काय चुकते

बारा महिन्यांपेक्षा जास्त धरलेल्या शेअरच्या नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून साडेबारा टक्के कर आहे, वर्षाला सव्वा लाखापर्यंत सूट. चूक होते ती बोनसमध्ये. बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य धरली जाते आणि धरून ठेवण्याची मुदत बोनस वाटपाच्या तारखेपासून मोजतात. ३१ जानेवारी २०१८ पूर्वी घेतलेल्या शेअरना त्या दिवशीचा भाव खरेदी किंमत म्हणून वापरायची सवलत आहे. करूर वैश्यच्या उदाहरणातले ५८३ शेअर तिच्यात बसतात, पण २०१८ च्या ऑगस्टमधले बोनसचे ५८ बसत नाहीत, त्यांची पूर्ण विक्री किंमत नफाच. डीमॅटमध्ये आधी आलेले आधी विकले गेले असे मानतात, तेव्हा तक्त्यात प्रत्येक तुकड्याची तारीख ठेवाच. निर्लेखित होऊन शून्य झालेल्या शेअरचा तोटा भांडवली तोटा म्हणून दाखवता येतो का, हा वादाचा मुद्दा आहे. सीएला विचारल्याशिवाय दाखवू नका.

पेटीतले जुने दाखले

पश्चिम महाराष्ट्रात पुष्कळ घरांत सांगली बँकेचे कागदी शेअर अजून असतील. १९१६ साली सुरू झालेली ही बँक एप्रिल २००७ मध्ये आयसीआयसीआय बँकेत विलीन झाली. प्रमाण होते सांगलीच्या ९२५ शेअरना आयसीआयसीआयचे १००. पुढे २०१४ मध्ये स्प्लिट होऊन त्या १०० चे ५०० झाले आणि २०१७ मध्ये दहाला एक बोनस मिळून ५५०. विलीनीकरणाच्या वेळी आयसीआयसीआयचा भाव ९०० धरला तर ते ९०,००० रुपये होते. २०२५ च्या मध्यात १,४०० रुपयांनी ७,७०,०००. लाभांशाशिवाय सव्वाअठरा वर्षांत साडेबारा टक्क्यांच्या आसपास. त्याच काळात निफ्टी ४,००० च्या आसपासून २५,००० वर गेला, म्हणजे साडेदहा टक्के.

हे शेअर मागायचे तर आयसीआयसीआय बँकेच्या रजिस्ट्रारला (बँकेसाठी भागधारकांच्या नोंदी सांभाळणारी कंपनी) दाखल्याचा क्रमांक, फोलिओ आणि मूळ धारकाचे नाव कळवून सुरुवात करा. सलग सात वर्षे लाभांश घेतला नसेल तर शेअर गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे, आयईपीएफकडे, गेलेले असतात. तिथून परत मिळवण्यासाठी आयईपीएफ-५ हा अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि शेअर डीमॅटमध्येच येतात. मूळ धारक हयात नसेल तर आधी वारसाची कागदपत्रे रजिस्ट्रारकडून मंजूर करून घ्या, मगच आयईपीएफचा अर्ज भरा. उलट क्रमाने भरलेला अर्ज परत येतो. दाखल्यावरचे नाव आणि आधार-पॅनवरचे नाव यांत वडिलांच्या नावाचा किंवा आडनावाच्या स्पेलिंगचा फरक असेल तर प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा. बहुतेक अर्ज याच कारणाने महिनोन्‌महिने अडकतात.